पाच पौंडांची शांतता

थॉमस कार्लाइल हे नाव आता मराठी वाचकाच्या कानावर क्वचितच पडतं. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्रजी शिकलेल्या माणसाला ते टाळता येत नसे. थोर पुरुषांच्या विभूतिपूजेवर त्यानं १८४० साली दिलेली व्याख्यानं पुढच्या वर्षी पुस्तकरूपानं आली आणि इतिहास म्हणजे थोरांची चरित्रं, ही कल्पना त्या पुस्तकानं जगभर पोचवली. माझ्या मनात मात्र कार्लाइल राहिला आहे तो वेगळ्याच कारणानं. फ्रेंच राज्यक्रांतीचा इतिहास लिहिणारा आणि प्रशियाच्या फ्रेडरिक राजावर सहा खंड रचणारा हा माणूस शेजारच्या कोंबड्यापुढे हतबल झाला होता. ते भांडण मिटवलं त्याच्या बायकोनं, आणि तेही पाच पौंडांत.

शेजाऱ्याच्या जनावरामुळे झोपमोड होणं ही काही आजची तक्रार नाही. दक्षिण इटलीत सिबॅरिस नावाचं एक ग्रीक शहर होतं. इसवी सनापूर्वी ५१०च्या सुमारास ते उद्ध्वस्त झालं, पण तिथल्या ऐषआरामाच्या गोष्टी पुढे कित्येक शतकं सांगितल्या गेल्या. अथेनेयस हा नंतरचा ग्रीक लेखक नोंदवतो, की लोहार-सुतारांसारख्या आवाज करणाऱ्या कारागिरांना सिबॅरिसकरांनी शहराच्या हद्दीत मज्जाव केला होता आणि गावात कोंबडा पाळायलाही बंदी होती. अथेनेयसनं हे सांगितलं ते त्या लोकांच्या चैनीचा नमुना म्हणून. सकाळची झोप मोडू नये म्हणून कायदा करणं त्याला हास्यास्पद वाटलं. मला नाही वाटत. लोहार आणि कोंबडा यांना एकाच यादीत घालण्यात एक गोष्ट दडलेली आहे, तिच्याकडे पुढे यावं लागेल.

कार्लाइल आणि त्याची बायको जेन १८३४च्या जून महिन्यात स्कॉटलंडहून लंडनला आले आणि चेल्सी भागातल्या चेनी रो या गल्लीत पाच नंबरच्या घरात राहू लागले. भाडं वर्षाला ३५ पौंड. त्या काळी चेल्सी स्वस्त होतं, कारण ते शहराच्या कडेला होतं. फॅशनेबल मंडळी तिथं राहायला येत नसत. अशा वस्तीत मागच्या अंगणात कोंबड्या असणं, दारात कुत्रं असणं, खिडकीत पोपटाचा पिंजरा असणं यात वेगळं काही नव्हतं. घरांच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या आणि मागच्या बागा म्हणजे पट्टीएवढ्या अरुंद. आपल्याकडच्या चाळींत किंवा जुन्या वाड्यांत राहिलेल्याला ही रचना समजावून सांगावी लागणार नाही.

कार्लाइलचं पोट आयुष्यभर बिघडलेलं असे आणि झोप सावध. शेजारचा पियानो, पोपट, कुत्रं, रस्त्यावरचे फेरीवाले, बाजाची पेटी फिरवणारे भिकारी या सगळ्यांविषयी त्याच्या पत्रांत शिव्यांची लाखोली आहे. मौनाची महती या गृहस्थानं कित्येक खंडांतून गायली, अशी थट्टा त्याच्या टीकाकारांनी केली ती उगाच नाही. पण १८५०नंतर त्रास वाढला, आणि त्याला एक ऐतिहासिक कारण होतं. इंग्लंडला तेव्हा कोंबड्यांचं वेड लागलं होतं.

हे वेड खरोखरच वेड होतं. चीनशी व्यापाराची बंदरं उघडल्यावर १८४०च्या दशकात तिकडून मोठ्या अंगाच्या, पायांवर पिसं असलेल्या कोंबड्या इंग्लंडात आल्या. त्यांना 'कोचीन-चायना' म्हणत. राणी व्हिक्टोरियानं स्वतः पाळल्या, मग काय! प्रदर्शनं भरू लागली आणि भाव आकाशाला भिडले. अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना लोक याला चक्क 'कोंबड्यांचा ज्वर' म्हणत. अमेरिकेतल्या जॉर्ज बर्नम या व्यापाऱ्यानं १८५२मध्ये व्हिक्टोरिया राणीला नऊ पक्षी भेट म्हणून पाठवले आणि धंदा वाढवून घेतला. त्या जातीला नाव मिळालं 'ब्रह्मपुत्रा', पुढे आखडून 'ब्रह्मा'. आसाम-बंगालच्या नदीचं नाव बोस्टनच्या बाजारात भाव वाढवायला उपयोगी पडलं, असाच याचा अर्थ घ्यायचा. कोंबडी मुळात आपल्याच बाजूची, आशियातल्या रानकोंबड्यांची वंशज, हे खरं. पण त्या ज्वरात कुणाला तिच्या कुळाशी देणंघेणं नव्हतं.

थोडक्यात, १८५२-५३च्या सुमारास लंडनमधल्या साध्या माणसानं अंगणात कोचीन कोंबड्या पाळल्या, तर तो फक्त अंड्यांची सोय करत नव्हता. एखाद्या पिलाला चांगली किंमत येईल, अशी आशाही त्यात असू शकत होती. कार्लाइलच्या शेजारी सहा नंबरच्या घरात राहणाऱ्या रोंका कुटुंबाकडे कोंबड्या होत्या. शिवाय एक मकाव, म्हणजे तो रंगीबेरंगी, कर्कश ओरडणारा मोठा पोपट. कार्लाइल या कोंबड्यांना 'राक्षसी' म्हणू लागला.

कोंबडा पहाटे का ओरडतो, याचा नीट अभ्यास फार अलीकडे झाला. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३मध्ये दाखवलं, की कोंबड्याला उजेडाची गरजच नसते. त्याच्या शरीरातलं घड्याळ त्याला सूर्योदयाच्या तास-दोन तास आधी आरवायला लावतं. त्याच गटानं दोन वर्षांनी असंही नोंदवलं, की कळपातला सगळ्यांत वरचढ कोंबडा आधी आरवतो आणि बाकीचे मानाच्या क्रमानं त्याच्यामागून. म्हणजे पडदे लावा, खुराड्यावर गोणपाट टाका, आरवणं थांबत नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे आपण पिढ्यानपिढ्या म्हणत आलो आहोतच. ते कोंबड्याच्या शरीरालाही लागू पडतं, एवढीच प्रयोगशाळेची भर.

कार्लाइलनं यावर काढलेला तोडगा एका विचारवंताला शोभेल असाच होता: भव्य, महाग आणि चुकीचा. घराच्या माथ्यावर एक नवीन खोली बांधायची. चारी बाजूंना दुहेरी भिंती, मध्ये हवेची पोकळी. रस्त्याकडे किंवा अंगणाकडे खिडकी नाही, उजेड येणार तो फक्त छतातल्या काचेतून. त्या खोलीत बसून फ्रेडरिकचा इतिहास लिहायचा. १८५३च्या उन्हाळ्यात काम सुरू झालं. पुढचे कित्येक महिने घरात गवंडी आणि सुतार. शांततेसाठी केलेल्या या बांधकामानं जेवढा गोंगाट केला, तेवढा शेजारच्या कोंबड्यांनी वर्षभरात केला नसेल. एक मजूर तर छतातून खालच्या खोलीत कोसळला आणि जेन थोडक्यात बचावली. कार्लाइल काही काळ घर सोडून निघून गेला. जेन थांबली. कुणीतरी थांबायला हवंच होतं.

खोलीला सुमारे १७० पौंड लागले. घराचं जवळजवळ पाच वर्षांचं भाडं. आणि खोली फसली. जवळचे आवाज थोडे मंदावले, पण लांबचे, म्हणजे नदीवरच्या बोटींचे भोंगे आणि आगगाडीच्या शिट्ट्या, आता स्पष्ट ऐकू येऊ लागले. यामागचं तत्त्व साधं आहे. आजूबाजूची संमिश्र कुजबुज बारीकसारीक आवाजांना झाकून ठेवते. ती काढून घेतली, की उरलेला प्रत्येक आवाज उघडा पडतो. रात्री दोन वाजता नळाचा थेंब हातोड्यासारखा वाजतो, तो याच कारणानं. शिवाय झोपण्यासाठी ती खोली नव्हतीच. पहाटेचा कोंबडा कार्लाइलला ऐकू येई तो त्याच्या अंथरुणात.

आता जेनविषयी. तिची पत्रं माझ्या मते नवऱ्याच्या बहुतेक पुस्तकांपेक्षा जास्त वाचनीय आहेत. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं या दांपत्याचा पत्रव्यवहार ऑनलाइन खुला केला आहे आणि तो वाचताना एक गोष्ट हळूहळू लक्षात येते. झोप जेनलाही लागत नसे. तिचं डोकं दुखे, रात्रीच्या रात्री ती जागी असे, पुढे पुढे औषधांत मॉर्फिनही आलं. पण घरात जी निद्रानाशाची चर्चा चाले ती एकट्या कार्लाइलच्या निद्रानाशाची. कोंबडा आरवला की जेन वरच्या मजल्यावरची चाहूल घेत पडून राही. आता तो ताडकन उठेल, आता पाय आपटेल. कोंबड्यानं तिची जेवढी झोप मोडली, त्याहून जास्त त्या वाट पाहण्यानं मोडली असणार. शेजाऱ्याच्या जनावराविषयी घरातला एक माणूस चिडचिडा होतो, तेव्हा घरातल्या दुसऱ्या माणसाला जनावर आणि चिडचिड असे दोन आवाज ऐकावे लागतात. माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत मी हे पाहिलं आहे. त्यासाठी एकोणिसाव्या शतकात जायची गरज नाही.

१८५३च्या डिसेंबरात दोघं हॅम्पशायरमध्ये ॲशबर्टन या उमराव मित्रांच्या हवेलीत पाहुणे होते. खोलीचं काम रेंगाळलेलं, कोंबड्या शेजारीच. हे प्रकरण कायमचं निस्तरायला तिथून लंडनला परतली ती जेन, कार्लाइल नाही. तिच्या डोक्यात आधी एक अजब योजना होती. सहा नंबरचं शेजारचं घरच आपण भाड्यानं घ्यायचं, म्हणजे तिथं कोण राहील आणि काय पाळेल ते आपल्या हातात. हे फार महाग पडलं असतं. शेवटी तिनं रोंका कुटुंबाशी थेट बोलणी केली. पाच पौंड रोख दिले आणि त्यांच्याकडून लेखी घेतलं, की या जागेत कोंबड्या, मकाव किंवा तत्सम उपद्रव पाळणार नाही, कुणाला पाळूही देणार नाही, पाळल्यास दंड भरू. व्यवहार संपला. त्याच नाताळात, २५ डिसेंबरला, स्कॉटलंडमध्ये कार्लाइलची आई वारली.

एकशे सत्तर पौंड आणि पाच पौंड. या दोन आकड्यांवर मी बराच काळ अडकून पडलो होतो. पहिल्यात शेजारी नाहीच. जग बाहेर ठेवून स्वतःभोवती भिंत बांधण्याचा तो खर्च आहे. दुसऱ्यात शेजाऱ्याच्या दारात जाऊन उभं राहणं आहे, त्याला किती पैसे हवेत हे हळूच काढून घेणं आहे, त्याचा अपमान होणार नाही असं बोलणं आहे. हे काम जेनला चांगलं जमे. पण याला सरळ आदर्श म्हणून टाकणंही मला पटत नाही. पाच पौंड ही रक्कम ज्याच्याकडे आहे तो शांतता विकत घेऊ शकतो. कोंबड्या पाळणाऱ्याला बहुधा त्या रकमेची गरज आहे म्हणून तो विकतो. समोरच्या बाजूचा कुणी कार्लाइलच्या पाय आपटण्याविषयी तक्रार घेऊन आला असता, तर त्याला काय मिळालं असतं? सिबॅरिसमधून लोहार आणि कोंबडा एकाच हुकुमानं बाहेर गेले ते यासाठीच. जो आवाज गावाबाहेर काढायचा तो बहुतेक वेळा हातावर पोट असणाऱ्याचा असतो.

पुढच्या दशकात लंडनमध्ये हे उघडच झालं. संगणकाचा आद्य जनक म्हणून आपण ज्याला ओळखतो त्या चार्ल्स बॅबेजनं रस्त्यावर बाजाची पेटी वाजवणाऱ्यांविरुद्ध मोहीम काढली. १८६४मध्ये मायकल बास या खासदारानं विधेयक आणलं. चार्ल्स डिकन्सनं पाठिंब्याचं पत्र लिहिलं आणि त्यावर टेनिसन, विल्की कॉलिन्स यांच्यासह कार्लाइलनंही सही केली. घरात बसून डोक्यानं काम करणाऱ्यांना शांतता हवी, असा युक्तिवाद होता. तो खोटा नव्हता. कायदाही झाला. पण पेटी वाजवणारे बहुतेक गरीब इटालियन होते, आणि लेखक घरी बसून काम करतो तसंच तेही रस्त्यावर उभं राहून कामच करत होते, हे त्या पत्रात कुठे बसणार?

आणि कार्लाइलच्या स्वतःच्या घरातलं जनावर? ते होतंच. १८४९च्या डिसेंबरात जेननं नीरो नावाचं छोटं पांढरं कुत्रं आणलं. एकदा या नीरोनं पक्ष्यांची बरोबरी करायला वरच्या मजल्याच्या खिडकीतून थेट रस्त्यावर उडी मारली आणि तरीही वाचला. जेननं नीरोच्या नावानं नवऱ्याला पत्रंही लिहिली आहेत, 'मालक' म्हणून. पोपट आणि कोंबड्यांचा वैरी असलेला कार्लाइल रात्री या नीरोला घेऊन फिरायला जायचा. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. ऑक्टोबर १८५९मध्ये खाटकाची गाडी नीरोच्या गळ्यावरून गेली. तो काही महिने कसाबसा जगला आणि १ फेब्रुवारी १८६०ला गेला. त्याला मागच्या बागेत पुरलं. त्या दिवसांत कार्लाइललाही दुःख आवरलं नाही, हे त्यानंच लिहून ठेवलं आहे.

आपल्याकडे आज ही भांडणं गृहनिर्माण सोसायट्यांच्या सभांत होतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांनुसार सोसायटी सभासदाला कुत्रं पाळायला बंदी करू शकत नाही. दुसरीकडे २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ते नियम मुख्यतः लाऊडस्पीकर, फटाके, बांधकाम यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत. दिवसभर घरात एकटं कोंडलेलं कुत्रं मालक येईपर्यंत केकाटत राहतं, त्याचा बंदोबस्त करायला दोन्ही कागद अपुरे पडतात. फ्रान्समध्ये ओलेरों बेटावरच्या मॉरिस नावाच्या कोंबड्याचा खटला गाजला. सुट्टीपुरतं राहायला येणाऱ्या शेजाऱ्यांनी त्याच्या आरवण्याविरुद्ध दावा लावला होता. सप्टेंबर २०१९मध्ये न्यायालयानं निकाल मॉरिसच्या बाजूनं दिला आणि मालकिणीला एक हजार युरो भरपाई देववली. पुढे जानेवारी २०२१मध्ये ग्रामीण भागातले आवाज आणि वास हा वारसा मानणारा कायदा तिथं झाला. तोवर मॉरिस मरून गेला होता. कोंबडा जिंकला याचा मला आनंद झाला. पण निकालानंतर त्या दोन घरांतली माणसं कुंपणाशी एकमेकांना दिसली की काय करत असतील, हे मनात आल्याशिवाय राहिलं नाही. न्यायालय कोंबड्याचा हक्क ठरवू शकतं. शेजारधर्म ठरवणं त्याच्या हातातलं नव्हे.

फ्रेडरिकचा शेवटचा खंड १८६५मध्ये बाहेर पडला आणि कार्लाइल ती छपराखालची खोली सोडून खाली आला. मोलकरणी आजवर तळघरातल्या स्वयंपाकघरात झोपत. आता ती खोली त्यांना मिळाली. त्याच वर्षी शेजारच्या बागेत जेनला लाकडी खुराडं दिसलं, नऊ कोंबड्या आणि एक भलामोठा कोंबडा. पुन्हा तेच. या वेळी तिनं पैसे दिले नाहीत. तिची प्रकृती तोवर पार ढासळलेली होती, उजवा हात दुखत असे. तरी ती शेजारणीशी बोलली आणि सौदा ठरला. कोंबड्याला दुपारनंतर दुसऱ्या दिवशीच्या उशिरा सकाळपर्यंत काळोख्या तळघरात कोंडायचं, आणि बदल्यात जेननं शेजारणीच्या लहान मुलाला वाचायला शिकवायचं. मग चेनी रोमधल्या त्या घरात पोरगं येऊन बसू लागलं आणि जेन त्याला अक्षरं लावून दाखवू लागली.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये कार्लाइल एडिंबरा विद्यापीठात रेक्टर म्हणून भाषण करायला गेला आणि भाषण खूप गाजलं. तो अजून स्कॉटलंडातच होता. २१ एप्रिल १८६६ला दुपारी जेन घोडागाडीतून हाइड पार्कमध्ये फेरफटका मारत होती. सोबत एक छोटं कुत्रं होतं. त्याला जरा पळू द्यावं म्हणून तिनं खाली सोडलं, तर दुसऱ्या गाडीचं चाक त्याच्या पायावरून गेलं. ते केकाटलं. जेननं खाली उतरून त्याला उचललं, मांडीवर घेतलं आणि गाडीत बसली. गाडीवान फेऱ्या मारत राहिला. मागून काहीच हुकूम येईना, म्हणून त्यानं वळून पाहिलं, तेव्हा ती हात मांडीवर ठेवून बसल्या जागी गेलेली होती.

कार्लाइल त्यानंतर पंधरा वर्षं जगला. त्यानं तिची पत्रं एकेक करून गोळा केली, लावली आणि त्यांवर स्वतःच्या हातानं टिपा लिहिल्या. फ्रूड या चरित्रकारानं ती १८८३मध्ये छापली. कोंबड्यांची सगळी हकिकत आपल्याला कळते ती त्यातूनच.